‘मग पुढे काय?’ : विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या वाचनाचे एक वर्ष

गोदातीर (धागाकर्ता)

डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. ती बातमी वाचल्यावर मी कपाटातून ‘यक्षांची देणगी’ बाहेर काढले. शाळेत असताना वडिलांनी मेनरोडवरून आणून दिलेली ही प्रत. आता तिचा पुठ्ठा सुटला आहे आणि पाने उलटताना कडांचा भुगा हाताला लागतो. तीन दिवसांत सगळा संग्रह पुन्हा वाचून झाला. तेव्हाच मनाशी ठरवले, की पुढचे वर्षभर विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांखेरीज दुसरे ललित काही वाचायचे नाही आणि जे वाचू त्याची नोंद एका वहीत ठेवायची. ते वर्ष आता पुरे झाले आहे. वहीत एकतीस पुस्तके नोंदलेली आहेत, त्यांतली सतरा मराठी. आपले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालत आले आहे. ते हाताशी नसते, तर या सतरांतली निम्मी पुस्तके मला पाहायलाही मिळाली नसती.

सगळ्या पुस्तकांची यादी येथे देत नाही. वर्षभर वाचताना एक प्रश्न माझ्या मनात हळूहळू पक्का होत गेला. तो येथील जाणत्या वाचकांसमोर ठेवावा, यासाठी हा धागा.

प्रथम नारळीकरांविषयी. त्यांची पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव तयार केले होते. या वर्षी योगायोगाने मी जगदीशचंद्र बोस यांची १८९६ ची बंगाली कथाही वाचली. केसांच्या तेलाची बाटली समुद्रात ओतून वादळ शमवले जाते, अशी ती गोष्ट, आणि तीही एका स्पर्धेसाठीच लिहिलेली. आपल्या देशातल्या दोन थोर शास्त्रज्ञांना कथेच्या वाटेवर एकेका स्पर्धेने आणले, याचे मला फार अप्रूप वाटले. स्पर्धा भरवणाऱ्यांचे साहित्यावर किती उपकार असतात, याचा आपण पुरेसा विचार करत नाही.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा मी या वेळी माझ्या मुलीसोबत वाचली. त्या कथेत मोबियसच्या पट्टीची कल्पना आहे आणि तिच्या आधारे एका माणसाची डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी उलटते. ती तिला पटेना, म्हणून आम्ही बटर पेपरची लांब पट्टी कापली, तिला अर्धा पीळ देऊन टोके चिकटवली आणि पट्टीवर स्केचपेनाने डाव्या सोंडेचा छोटा गणपती काढला. मग त्याच्या पुढे तसाच दुसरा, त्याच्या पुढे तिसरा, असे काढत गेलो. पट्टीचा फेरा पुरा होऊन पहिल्या गणपतीपाशी आलो, तेव्हा पारदर्शक कागदातून शेजारी दिसणाऱ्या शेवटच्या गणपतीची सोंड उजवीकडे होती. मुलीने पट्टी हातात घेऊन दोन वेळा फिरवून पाहिली. मग तिने विचारले, “पण त्या माणसाचे पुढे काय झाले असेल? त्याला पुस्तक उलटे दिसत असणार. त्याला घरचे जेवण पचेल का?”

हाच तो प्रश्न. मग पुढे काय?

माझे असे मत झाले आहे, की मराठी विज्ञानकथा कल्पनेत कोठेही कमी नाही, परंतु तिला खुलाशापाशी थांबण्याची सवय लागली आहे. एक चमत्कारिक घटना घडते, ती कशी घडली याचा शोध घेतला जातो, एखादा प्राध्यापक किंवा मित्र समोर बसून शास्त्रीय कारण समजावून सांगतो आणि कथा संपते. कारण कळले म्हणजे गोष्ट पूर्ण झाली, असा जणू लेखक आणि वाचक यांच्यातला करारच आहे. मात्र मला वर्षभर ज्या कृतींनी धरून ठेवले, त्यांतली गोष्ट खुलाशानंतर सुरू होते. एक बदल गृहीत धरायचा आणि मग त्या बदलाचे जे जे परिणाम माणसांच्या घरादारावर, कायद्यांवर, भाषेवर आणि प्रेमावर होतील, ते न कंटाळता पाहत जायचे.

एच. जी. वेल्स यांनी १८९५ च्या ‘टाइम मशीन’ या कादंबरीत कालयंत्राची कल्पना मांडली. यंत्र चालते कसे, हे ते थोडक्यात उरकतात आणि वाचकाला सन ८,०२,७०१ मध्ये नेऊन सोडतात. तेथे एक जमात जमिनीवर फळे खाऊन सुखात राहते आणि दुसरी जमिनीखाली यंत्रे चालवते. मालक आणि कामगार यांच्यातली दरी आठ लाख वर्षे रुंदावत राहिली तर काय होईल, हे त्यांना पाहायचे होते. यंत्र हे केवळ तेथवर पोचण्याचे वाहन.

उर्सुला ले ग्विन यांची १९६९ ची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी मी दोनदा वाचली. गेथेन नावाच्या अतिशीत ग्रहावरील माणसे कायमची स्त्री किंवा कायमची पुरुष नसतात. महिन्यातले काही दिवस त्यांच्यात लैंगिक भाव जागा होतो आणि त्या वेळी कोणीही बाप होऊ शकतो किंवा आई होऊ शकते. हे असे का, याविषयी एक-दोन अंदाज सांगून लेखिका पुढे जाते. तिला रस आहे तो अशा समाजात राजकारण कसे चालेल, मानापमान कसे असतील, आणि बाहेरून आलेला एक पुरुष तेथील माणसावर विश्वास ठेवायला किती काळ घेईल, यात. त्या दोघांचा बर्फावरून घसरगाडी ओढत केलेला प्रवास मी डिसेंबरात, निफाडकडे पारा खाली गेल्याच्या बातम्या येत असताना वाचला. तंबूतल्या शेगडीभोवती बसून अन्नाचा घास मोजून घेणारे ते दोघे अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. इतक्या थोड्या घटनांत इतकी जवळीक उभी करणारे लेखन मी क्वचितच वाचले आहे.

स्तानिस्वाव लेम यांच्या १९६१ च्या ‘सोलारिस’मध्ये तर खुलासा येतच नाही. एक अख्खा महासागर जिवंत आहे, तो माणसांच्या स्मृतीतली माणसे घडवून त्यांच्यासमोर आणून उभी करतो आणि शेवटपर्यंत त्याचा हेतू कळत नाही. हे पुस्तक वाचताना मी अस्वस्थ झालो. लहानपणापासूनच्या सवयीने मी शेवटच्या पानावर कारण शोधत होतो.

जे आवडले नाही तेही सांगणे भाग आहे. लिऊ त्सिशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ला इंग्रजी अनुवादानंतर २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि त्यातली तीन सूर्यांच्या ग्रहाची कल्पना खरोखरच भव्य आहे. परंतु सांस्कृतिक क्रांतीच्या सुरुवातीच्या प्रसंगांत जी माणसे रक्तामांसाची वाटतात, ती पुढे पुढे केवळ माहिती वाहून नेतात, असे मला वाटले. आपल्याच मराठी कथांचा दोष मला तेथे मोठ्या आकारात दिसला.

अद्भुतकथांविषयी माझा अनुभव तोकडा आहे. मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने टॉल्किन यांचे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मराठीत आणले, ते मी चार महिने पुरवून पुरवून वाचला. मराठीत असे स्वतःचे भूगोल, वंशावळी आणि भाषा असलेले, पूर्ण नवे रचलेले जग मला सापडले नाही. ते का नसावे, हा माझा दुसरा प्रश्न.

सर्वांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

ओझरकर

उत्तम धागा. तरीही आपल्या मुख्य मुद्द्याला माझा विरोध आहे आणि तो नीट नोंदवतो. मी विमानांच्या कारखान्यात तीस वर्षे काम केले आहे, त्यामुळे खुलाशाविषयी मला जिव्हाळा आहे.

मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ मध्ये झाली, ती मराठीतून विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी. ज्या स्पर्धेतून नारळीकर पुढे आले, ती या कार्याचाच भाग होती. त्या काळच्या वाचकाला कृष्णविवर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. ते सांगितल्याशिवाय कथा उभीच राहिली नसती. वेल्स यांच्या वाचकाला निदान विज्ञानाच्या व्याख्यानांची सवय होती. आपल्याकडे वाचक घडवणे आणि कथा लिहिणे ही दोन्ही कामे एकाच लेखकाला एकाच वेळी करावी लागली. त्या खुलाशांवर वाढलेल्या पिढीतला मी एक आहे. सातपूरच्या एका चाळीत राहणाऱ्या मुलाला सापेक्षतेचा सिद्धान्त शाळेच्या आधी दिवाळी अंकाने सांगितला, हे मी विसरू शकत नाही.

दुसरे असे, की नारळीकर नेहमीच खुलाशापाशी थांबतात असेही नाही. ‘धूमकेतू’ पुन्हा पाहावी. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू शास्त्रज्ञ प्रयत्नपूर्वक दूर वळवतात, इथवर गोष्ट अपेक्षित वाटेने जाते. पण ज्या हौशी निरीक्षकाने तो धूमकेतू शोधला, त्याच्याच घरी शांतीसाठी यज्ञ होतो आणि घरच्यांना संकट त्यामुळे टळले असे वाटते. कथेचा शेवट त्या घरात होतो. आकाशातला प्रश्न सुटला तरी घरातला सुटत नाही. आपला ‘मग पुढे काय’ येथे नाही काय? आणि ‘वामन परत न आला’ या कादंबरीत उत्खननात सापडलेल्या प्रगत संस्कृतीच्या ज्ञानातून जो यंत्रमानव घडतो, त्याचे परिणाम हाच तर सगळा विषय आहे.

लक्ष्मण लोंढे यांचा उल्लेख आपल्या लेखात नाही, याचे आश्चर्य वाटले. त्यांची ‘दुसरा आइनस्टाइन’ ही कथा जेम्स गन यांनी संपादित केलेल्या जागतिक विज्ञानकथांच्या १९९८ च्या खंडात इंग्रजीतून समाविष्ट झाली होती. मराठी कथेला एवढे मोठे दालन त्यापूर्वी क्वचितच उघडले असेल.

गोदातीर

ओझरकर, ‘धूमकेतू’बाबत आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे आणि ते माझ्या लेखात यायला हवे होते. ती कथा संग्रहातल्या इतर कथांपेक्षा मला अधिक का आवडत आली, याचे कारण आज आपल्यामुळे कळले. लोंढे वहीत आहेत, लेखात राहून गेले.

वाचक घडवण्याच्या मुद्द्यावर मात्र थोडे सांगतो. १९७४ मध्ये खुलासा आवश्यक होता, हे मान्य. परंतु आता आठवीतल्या मुलालाही कृष्णविवर ठाऊक असते, आणि आजच्या दिवाळी अंकांतल्या ज्या विज्ञानकथा मी या वर्षी वाचल्या, त्यांतही शेवटच्या दोन पानांत कोणीतरी खुर्ची ओढून समजावून सांगायला बसतेच. गरज संपल्यावरही सवय उरली आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

जुन्या तांबट आळीतून

अद्भुतकथेच्या प्रश्नावर लिहितो, कारण तो मला अधिक जवळचा आहे.

आपण म्हणता की मराठीत नवे रचलेले जग नाही. मला वाटते याचे एक कारण आपल्या गावातच आहे. पंचवटीत रिक्षावाल्याला सांगितले, तर तो सीतागुंफेपाशी नेऊन सोडतो. तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ती जागा दाखवतात आणि त्या नासिकेवरून गावाचे नाव पडले असे माझी आजी सांगत असे. ज्या गावात अद्भुताला घर क्रमांक आणि बसथांबा आहे, तेथे लेखकाने नवा नकाशा कशासाठी काढावा? इंग्लंडात टॉल्किन यांना आपल्या भूमीला स्वतःची पुराणकथा उरली नाही, याची खंत होती. आपली गोष्ट नेमकी उलटी आहे. आपल्याकडे ती भरपूर आहे आणि ती जिवंत आहे. घाटावर रोज संध्याकाळी तिची आरती होते.

यामुळे मराठी लेखक अद्भुताकडे वळला, की पुराणांकडे वळतो. तेथे त्याला सर्व काही तयार मिळते, परंतु शेवट बदलण्याचे स्वातंत्र्य मिळत नाही. रावण हरणारच. आपला ‘मग पुढे काय’ हा प्रश्न तेथे विचारताच येत नाही, कारण पुढे काय हे सर्वांना पाठ असते.

मात्र मराठीत अद्भुत कधी नव्हतेच असे कोणी समजू नये. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. आपल्या कादंबरीच्या आरंभकाळात अशा अद्भुतरम्य कथांचाच जोर होता. पुढे वास्तववादाची प्रतिष्ठा इतकी वाढली, की अद्भुत हे मुलांसाठी किंवा प्रवासात वाचायचे, असे ठरून गेले. नारायण धारप यांच्यासारख्या कसबी लेखकाला समीक्षकांनी किती पाने दिली, ते शोधून पाहावे. भयकथा लिहिणारा म्हणून त्यांना बाजूला ठेवले गेले. एखादी अनोळखी गोष्ट ओळखीच्या वाड्यात कशी हळूहळू शिरकाव करते, हे त्यांच्याइतके मराठीत कोणाला साधले आहे?

शब्दवेल्हाळ

तांबट आळीतल्या आपल्या वाचकांच्या मुद्द्याला जोडून भाषेविषयी थोडे लिहिते. मी मुद्रितशोधनाचे काम करते, म्हणून शब्दांवर नजर जाते.

‘कृष्णविवर’ हा शब्द किती सुंदर आहे, हे क्षणभर थांबून पाहावे. ‘कृष्ण’ म्हटल्यावर काळेपणासोबत खेचून घेणाराही आठवतो, कारण त्या नावाचा संबंध आकर्षणाशी जोडणारी व्युत्पत्ती आपल्याकडे परंपरेने सांगितली जाते. इंग्रजी शब्दाला हा दुसरा पदर नाही. ‘प्रकाशवर्ष’, ‘यंत्रमानव’, ‘परग्रह’ हे शब्दही आता रोजच्या बोलण्यात मुरले आहेत. म्हणजे विज्ञानकथेपुरती मराठी तयार आहे. अद्भुतकथेत मात्र वेगळीच अडचण येते. नवे जग रचायचे तर त्यातल्या माणसांना नावे द्यावी लागतात, आणि मराठीत नाव उच्चारले, की त्यासोबत जात, प्रांत, देव आणि घराणे हे सगळे आपोआप चालत येते. नाव संस्कृत ठेवले तर पुराण वाटते, इंग्रजी वळणाचे ठेवले तर अनुवाद वाटतो. तिसरी वाट शोधण्याचे काम अजून कोणी मनावर घेतलेले दिसत नाही.

याच संदर्भात ले ग्विन यांच्या १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’चा अनुभव सांगते. त्या जगात प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक माणसाला एक खरे नाव असते. ते ज्याला कळते, त्याची तिच्यावर सत्ता चालते. नायकाला तेरा वर्षांचा झाल्यावर एक वृद्ध जादूगार त्याचे खरे नाव हळूच सांगतो. इंग्रजी वाचकाला ही कल्पना नवी वाटत असेल. मला ते पान वाचताना माझ्या भाच्याचे बारसे आठवले. मी आत्या. पाळण्यावर वाकून त्याच्या कानात ‘कुर्र’ करून नाव मीच सांगितले होते. त्या क्षणी खोलीतल्या वीसपंचवीस बायकांपैकी कोणालाच ते ठाऊक नव्हते. ज्या समाजात नाव प्रथम कानात सांगितले जाते आणि मग सर्वांना कळते, त्या समाजाला हे जग परके नाही. आपल्या बारशातून, ओटीतून, वेशीवरच्या देवांतून एक संपूर्ण नवे जग उभे राहू शकेल. पुराणातले एकही पात्र त्यासाठी उसने आणावे लागणार नाही.

आणखी एक. रुकय्या सखावत हुसेन यांची १९०५ ची ‘सुलतानाज ड्रीम’ ही छोटी कथा कोणी वाचली नसेल तर आधी ती वाचावी. त्यातल्या राज्यात पुरुष पडद्यात आहेत आणि स्त्रिया राज्य चालवतात. ढगांतून पाणी घेतात, सूर्याची उष्णता साठवून शत्रूचे सैन्य परतवतात. ते पाणी आणि ती उष्णता कशी साठवली, हे लेखिका दोन-चार ओळींत सांगते. घरात, रस्त्यावर, स्वयंपाकघरात आणि दरबारात त्यामुळे काय बदलले, यासाठी मात्र ती सगळी कथा खर्च करते. धागाकर्त्यांना जे हवे आहे, ते एकशेवीस वर्षांपूर्वी आपल्या उपखंडातल्या एका बाईने करून ठेवले आहे.

गोदातीर

शब्दवेल्हाळ, बारशाचे आपण लिहिलेले वाचून मी ते पुस्तक पुन्हा काढले. मी वाचले तेव्हा हे माझ्या लक्षातच आले नव्हते. माझ्या मुलीचे नाव तिच्या कानात सांगताना मी दाराशी उभा होतो.

तांबट आळीतील मित्रांना एकच विचारतो. पुराणातला शेवट बदलता येत नाही हे खरे, पण इतिहासातला बदलता येतो, हे नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ने दाखवले आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी चाटून गेली असती तर, एवढ्या एका बदलावर ती कथा उभी आहे. पानिपत हा आपल्यासाठी पुराणाइतकाच पाठ असलेला शेवट आहे. तो एका बखरीच्या पानाने उलटवला गेला. मग अद्भुतकथेलाही हे धाडस का करता येऊ नये?

जुन्या तांबट आळीतून

आपला मुद्दा रास्त आहे आणि त्यावर विचार करतो. त्या कथेची आठवण निघाली म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. विश्वासरावांच्या आई गोपिकाबाई पुढच्या आयुष्यात आपल्या नाशिकला येऊन राहिल्या आणि १७८८ मध्ये येथेच वारल्या. पानिपतावर मोठा मुलगा गेला, पाठोपाठ नवरा गेला, माधवराव गेले, नारायणराव मारले गेले. त्यानंतरची पंधरा वर्षे ती बाई या नदीकाठी होती. पानिपताचा निकाल बदलला असता तर मुंबई कशी असती, हे कथेत येते. आमच्या घाटावर ती बाई नसती, हे मला ती कथा वाचताना प्रत्येक वेळी जाणवते. या अभावावरही कोणीतरी लिहायला हवे.

खडूफळा

मी नाशिक रोडच्या एका शाळेत आठवीला मराठी शिकवते. या चर्चेत सांगण्यासारखा माझ्याकडे एक ताजा अनुभव आहे.

फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिनासाठी दरवर्षी कुसुमाग्रजांच्या कविता बसवतो. या वर्षी ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ घेतले. सूर्याच्या प्रेमात पडलेली आणि तरीही अंतर राखून फिरणारी पृथ्वी समजावताना मुले कक्षा, गुरुत्व, धूमकेतू यांवर प्रश्न विचारू लागली. ‘विशाखा’ हा संग्रह १९४२ चा, परंतु मुलांना ती कविता विज्ञानकथाच वाटली. म्हणून पुढच्या आठवड्यात मी वर्गात ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मोठ्याने वाचायला घेतली. तीन तासिका लागल्या. शास्त्रीय खुलाशाच्या भागापाशी आल्यावर मी पुस्तक मिटले आणि मुलांना सांगितले, की त्या दुसऱ्या जगातले आपले गाव कसे असेल ते एक पान लिहून आणा.

बेचाळीस वह्या आल्या. बहुतेकांनी किल्ले, तोफा आणि भगवे झेंडे लिहिले. एका मुलाने मात्र पाऊण पानभर फक्त प्रश्न लिहिले होते. पानिपत जिंकले असते तर इंग्रजांचे राज्य आले असते का? नसते आले तर रेल्वे कोणी आणली असती? आणली असती तर ती याच वाटेने गेली असती का? आणि नसती गेली तर नाशिक रोड हे गाव असते का? शेवटची ओळ अशी होती, की त्याचे पणजोबा रेल्वेत हमाल म्हणून येथे आले, त्यामुळे त्या जगात तो स्वतः असणार नाही आणि हा निबंधही कोणी लिहिणार नाही.

मी ती वही शिक्षककक्षात दोनदा वाचली. त्याच्या हस्ताक्षराला मी वर्षभर गुण कापत आले होते.

ओझरकरांचे म्हणणे मला पटते, की खुलासा हवाच. इतर मुलांना मी पुढच्या तासाला तो भाग वाचून दाखवला आणि त्यांना तो मनापासून आवडला. परंतु त्या एका मुलाला खुलाशाची वाट पाहावी लागली नाही.

ओझरकर

ताई, तुमच्या त्या विद्यार्थ्याला माझा नमस्कार सांगा. माझा विरोध मी मागे घेत नाही, पण त्यात एक भर घालतो. कारखान्यात एखादा भाग तुटला, की तो का तुटला याचा अहवाल आम्ही लिहितो. तो लिहून झाल्यावर दुसरा अहवाल लिहावा लागतो, की हा भाग ज्या ज्या विमानांत बसवला आहे त्या सर्वांचे आता काय करायचे. पहिल्याशिवाय दुसरा लिहिता येत नाही. आमच्या पिढीच्या कथाकारांनी पहिला अहवाल मराठीत लिहून ठेवला, असे मी म्हणेन.

गोदातीर

ओझरकर, आपली ही मांडणी मला माझ्यापेक्षा अधिक न्याय्य वाटते.

नवीन वर्षासाठी वहीत पहिली नोंद केली आहे. येत्या पावसाळ्यात पुराविषयीच्या विज्ञानकथा शोधून वाचणार आहे, आणि एक स्वतः लिहून पाहावी असेही मनात आहे. आपण नाशिककर गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, एवढे म्हटले की सर्वांना समजते. २००८ मध्ये मी पुलावरून तो मारुती दिसेनासा झालेला पाहिला आहे. समजा, पन्नास वर्षांनी पाणी दर पावसाळ्यात त्याच्या डोक्यावरून जाऊ लागले, आणि कोणाच्याही हयातीत तो पावसात पूर्ण दिसला नाही. मग गावात पूर मोजायचे कशावर? नवी मूर्ती उंचावर बसवतील, की जुनीच्या आठवणीवर मोजतील? कारण कोणाला समजावून सांगायचे नाही, ते सर्वांना ठाऊक असेल असे धरून लिहायचे. पहिला परिच्छेद तीन वेळा खोडला आहे.

खडूफळा, त्या मुलाला पुढे वाचायला काय दिलेत?

खडूफळा

वेल्स यांच्या ‘टाइम मशीन’चा मराठी अनुवाद दिला. नऊ दिवसांनी परत आणला आणि एक शंका विचारली, ती जशीच्या तशी येथे लिहिते. कालप्रवासी दुसऱ्यांदा जातो तेव्हा सोबत कॅमेरा आणि पाठीवरची पिशवी घेऊन जातो आणि मग कधीच परत येत नाही. मुलाचे म्हणणे असे, की पहिल्या वेळी कोणी विश्वास ठेवला नाही म्हणून त्याने कॅमेरा नेला, हे बरोबर आहे, पण त्याने सोबत माणूस का नेला नाही? मित्र तर दारातच उभा होता.

मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही. सोमवारी शाळा उघडते आहे, तेव्हा कोणाला काही सुचत असेल तर त्याआधी कळवावे.